खिळ्यावरची किल्ली

खिळा फार उंचावर ठोकला होता, आणि त्यापायी मी तात्या पुजाऱ्यांना बारा वर्षं शिव्या दिल्या. तात्या सहा फुटी माणूस. हात वर केला आणि ठोकला खिळा. पुढे कधी या सबस्टेशनात पाच फुटांची, उजव्या खांद्याने अधू बाई ऑपरेटर म्हणून बसेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसणार.

खिळ्याची गोष्ट आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. करंजमाळचं आमचं सबस्टेशन आटपाडीच्या पलीकडे उघड्या माळावर आहे. इथून पाच फीडर निघतात, म्हणजे पाच बाजूंच्या गावांना वीज नेणाऱ्या पाच वाटा. कुठे तार तुटली, इन्सुलेटर फुटला की लाईनमन ऑपरेटरकडून परमिट घेतो. परमिट म्हणजे वचन. तू परत येऊन मला सांगेपर्यंत ही लाईन मी चालू करणार नाही, असं. मग लाईन बंद होते आणि तो खांबावर चढतो. काम झालं की येतो, परमिट परत करतो, लाईन चालू. गोष्ट इतकी साधी आहे, आणि तिच्यात चूक झाली की माणूस खांबावरच जळतो.

तात्यांच्या आधीच्या ऑपरेटरच्या हातून तशी चूक झाली होती. तेव्हापासून तात्यांनी रीत घातली. वर चढणाऱ्याने आपल्या घराची किल्ली देऊन जायचं. ऑपरेटरने ती खिळ्याला टांगायची. माणूस परत आला की ऑपरेटरनेच ती काढायची, समोरासमोर उभं राहून त्याच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "जावा घरला." त्याने म्हणायचं, "आलो." मग बटणाला हात. खात्याच्या कुठल्याच पुस्तकात हे नाही. साहेब लोक हसायचे. पण डोंगरवाडीच्या घाटात आजही फोन लागत नाही, आणि जिथे फोन लागत नाही तिथे डोळ्यांसमोर उभा असलेला माणूस हाच काय तो पुरावा.

त्या खिळ्यावर सगळ्यात जास्त वेळा लटकलेली किल्ली माझ्याच घराची. माझे मालक, बिरुदेव देवकाते, याच सबस्टेशनचे लाईनमन. ड्यूटीवर मी त्यांना 'देवकाते' म्हणते आणि घरी 'अहो'. ते मला दोन्हीकडे 'वृषाली'च म्हणतात, फक्त घरी जरा मोठ्याने.

आठ वर्षांपूर्वी माझं अंग दुखायला लागलं आणि थांबलंच नाही. रक्त तपासलं, फोटो काढले, सगळं नॉर्मल. गावात कुणी बाहेरचं बघायला सांगितलं, कुणी म्हणालं बाईला खुर्चीची सवय लागली. शेवटी मिरजेच्या डॉक्टर सबनीसबाईंनी नाव सांगितलं, फायब्रोमायाल्जिया. हाडामासात बिघाड नाही, पण दुखण्याची बातमी मेंदूकडे नेणाऱ्या मज्जातंतूंचा आवाज वाढलेला. साधी बांगडी घासली तरी मेंदूला ठणक म्हणून कळतं.

दुखणं सोसता येतं. आमच्या घराण्यातल्या बायकांना त्याची सवय आहे. मला भीती वाटली ती धुक्याची.

धुकं म्हणजे असं, की लाटणं हातात घेऊन मी स्वयंपाकघरात उभी आणि ते कशासाठी उचललं ते आठवत नाही. लाईन जोडणाऱ्या-तोडणाऱ्या ब्रेकरला मी 'कुकर' म्हणायचे. वाक्याच्या मधोमध शब्द निघून जायचा आणि समोरचा माझ्या तोंडाकडे बघत राहायचा. डॉक्टरांनी समजावलं ते मी माझ्या भाषेत करून घेतलं. मेंदूची लक्ष द्यायची ताकद ट्रान्सफॉर्मरसारखी ठरलेली असते. दुखणं हा चोवीस तास चालणारा मोठा पंप. तो सगळा लोड ओढून घेतो. मग मेंदू बिचारा बाकीच्या फीडरचं लोडशेडिंग करतो, आणि पहिला बंद पडतो तो आत्ता-आत्ताच्या आठवणींचा फीडर.

पण एक सांगते. धुक्याच्या त्या पाच वर्षांत खिळ्यापाशी माझी एकदाही चूक झाली नाही. कारण मी स्वतःवर कधी विश्वासच ठेवला नाही. तळहातावर बॉलपेनने लिहायची. चार वेळा उठून खिळा बघून यायची. देवकाते मला 'शंकासूर' म्हणायचे. किल्ली हातात दिल्यावरही मी त्यांच्या बाहीला हात लावून बघायची, माणूस खरंच आलाय ना.

तरी तक्रार गेलीच. तपासणीला आलेल्या साहेबांसमोर मला फीडरचं नाव आठवलं नाही. "मेडिकल फिटनेस आणा," साहेब म्हणाले, "नाहीतर तुम्हाला स्टोअरला टाकू. तिथं विसरलात तरी कुणी मरत नाही." रागाने मी लाल झाले, पण बोलणं चुकीचं नव्हतं. त्याच महिन्यात सबनीसबाईंनी टिकलीबद्दल सांगितलं.

तिचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. दिसायला टिकलीएवढी चकती, कानामागे चिकटवायची, म्हणून सगळे तिला टिकलीच म्हणायचे.

"आपण काही करायच्या आधी मेंदू त्याची रंगीत तालीम करतो," डॉक्टर म्हणाल्या. "किल्ली उचलायची असेल तर हात हलायच्या आधीच उचलण्याचा नकाशा तयार होतो. तो पक्का झाला की आठवण होते. तुमच्या बाबतीत दुखण्याचा गोंगाट तो मध्येच पुसून टाकतो. टिकली तो नकाशा टिपते, गोंगाट गाळते आणि मेंदूला परत ऐकवते. बस."

"आणि चुकीचं ऐकवलं तर?"

"ती पदरचं काही घालत नाही. तुमच्याच डोक्यात असतं तेच परत देते."

बाई खोटं बोलल्या नव्हत्या. अजूनही मी त्यांना दोष देत नाही. टिकलीच्या चाचणीत महाराष्ट्रभरातून एकशे चाळीस जणी होत्या. त्यांतली मी एक.

पहिल्या पंधरा दिवसांत मी दोनदा रडले, आनंदाने. दुखणं होतं तिथेच होतं, पण त्याच्या मागे उजेड पडला होता. शब्द हाक मारली की यायचे. पाचही फीडरवरच्या ट्रान्सफॉर्मरचे नंबर मी झोपेतून उठवलं तरी सांगायची. फिटनेसचा कागद आला. साहेबांनी मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. तळहातावर लिहायचं थांबलं, खिळ्याच्या चकरा थांबल्या. देवकाते म्हणाले, "शंकासूर मेला म्हनायचा." आणि त्या दिवशी येताना ते जिलेबी घेऊन आले.

घरातली भांडणं मी जिंकायला लागले, हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

"तुम्हाला मी सांगितलं होतं, गिरणीत दळण दिलंय, येताना घेऊन या."

"मला न्हाई सांगितलंस."

"दारात उभे होता. बूट घालत होता. मी पिशवीचा रंगसुद्धा सांगितला."

ते डोकं खाजवायचे. मला सगळं लख्ख दिसायचं, बुटाची नाडी, दारातलं ऊन, माझा स्वतःचा आवाज. आधी ते हटून बसायचे. मग हळूहळू म्हणायला लागले, "तू म्हन्तीस म्हंजी तसंच आसंल." सबंध गावात ज्याच्या नावाने शपथा घ्याव्यात असा हिशेबी, लक्षात ठेवणारा माणूस, आणि तो माझ्यासमोर आपल्याच आठवणीला खोटं ठरवायला लागला. मला त्यात जराशी मजाही वाटली, हे कबूल करते. इतकी वर्षं मी हरत होते.

मग आईचं झालं. आई दिघंचीला माझ्या भावाकडे, विलासकडे असते. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. मी फोनवर तिला नीट सांगितलं होतं, बुधवारी नऊला न्यायला येते, उपाशी राहा. बुधवारी गेले तर आई भाकरी खाऊन निवांत पारावर बसलेली.

"तू कवा सांगितलंस गं?"

"रविवारी, आई. तू म्हणालीस, बरं येते."

"रविवारी तुजा फोन आलाच न्हाई."

महिन्याभरात असं तिसऱ्यांदा घडलं. विलासने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. आम्ही दोघं आईला सांगलीला घेऊन गेलो. तिथल्या डॉक्टरांनी तिला घड्याळ काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावलं. आयुष्यात शाळेचं तोंड न बघितलेली बाई. "सुरुवात असू शकते," डॉक्टर म्हणाले. घरी आल्यावर विलासने तिच्या खोलीतला गॅस काढून टाकला, विसरून चालू ठेवेल म्हणून. पुढच्या वेळी मी गेले तेव्हा आईने तळहात पुढे केला. त्यावर नातीकडून बॉलपेनने लिहून घेतलं होतं, 'बुधवार'.

मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण ज्याला सगळं आठवतं त्याला शंका कशी येणार?

उन्हाळ्यात आमच्याकडे नवीन कंट्रोल रूम झाली. पुढे एसीची खोली, त्यात पडदा, परमिट पडद्यावरच. जुनी खोली मागे राहिली, तिच्या भिंतीवर खिळा. साहेबांनी सांगितलं, ती किल्ल्यांची जत्रा आता बंद करा. बाकीच्यांनी केली. देवकाते मात्र जुन्या वाटेचे. ते मला मागच्या खोलीत न्यायचेच.

त्या दिवशी मे महिना होता. साडेअकराला डोंगरवाडी फीडर बसला, म्हणजे आपोआप बंद पडला. घाटातल्या खांबावर इन्सुलेटर फुटला होता. देवकाते आणि जोडीचे लाईनमन अण्णा गळवे निघाले. परमिट पडद्यावर घेतलं, मग मागे जाऊन किल्ली माझ्या हातात ठेवली. टाचा उंचावून मी ती खिळ्याला अडकवली. खांदा नेहमीसारखा करकरला. "तात्याला आज बी शिव्या दे," असं म्हणून ते गाडीवर बसले.

साडेबाराला फोन आला. डोंगरवाडीच्या आरोग्य केंद्रातली सिस्टर होती.

"ताई, लाईट कवा यील? सातव्या महिन्यातलं बाळ पेटीत ठेवलंय. बॅटरी वीस टक्क्यांवर आली."

"माणसं वर आहेत. एकपर्यंत होईल."

पावणेएकला परत फोन. पंधरा टक्के. एकला परत. दहा. माझ्या मानेपासून कंबरेपर्यंत ठणका उठला होता. ताण आला की असंच होतं. मी दाराकडे बघत बसले होते. आता देवकाते येतील, आले की उठून मागे जायचं, किल्ली काढायची, हातात द्यायची, जावा घरला म्हणायचं आणि क्षणात लाईन सोडायची. हे मी मनात पाच-सहा वेळा घोकलं. पाठीत एक कळ आली, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि गेली.

आणि मग मला आठवलं की ते येऊन गेलेत.

सगळं होतं. घामाने भिजलेला खाकी शर्ट, कपाळावरचा हेल्मेटचा वळ. मी मागे गेले, किल्ली काढली, दिली. "जावा घरला." "आलो." गाडीचा आवाजसुद्धा. पडद्यावर प्रश्न होता, परमिट परत मिळाले का? मी 'होय' दाबलं. आता फक्त भोंगा वाजवायचा आणि लाईन सोडायची. लाईन सोडण्याआधी भोंगा देणं हा आमच्याकडचा नियम. त्याचं बटण नवीन खोलीतही कुणा उंच शहाण्याने उंचावरच बसवलं होतं. मी उजवा हात वर केला.

खांद्यातून अशी कळ गेली की तोंडातून "आई गं" निघालं. हात तसाच वर राहिला.

मघाशी किल्ली काढताना खांदा दुखला नव्हता.

मी ती आठवण परत बघितली. हात वर जातोय, लोण्यातून गेल्यासारखा. किल्ली निघतेय. खांदा नाही, मनगट नाही, टाचा उंचावल्याचा पोटऱ्यांतला ताण नाही. आठ वर्षांत माझा हात त्या खिळ्यापर्यंत न दुखता एकदाही गेलेला नव्हता.

मी मागच्या खोलीकडे पळाले. पळता येत नाही मला, तरी पळाले.

किल्ली खिळ्यावर होती. पिवळ्या दोऱ्याची, माझ्या घराची किल्ली, हलतसुद्धा नव्हती.

आणि त्याच क्षणी याहून वाईट विचार आला. बटण? लाईन सोडायचं बटण मी दाबलं की नाही? मला दाबल्याचं आठवत होतं. ब्रेकरचा धाडकन आवाज आठवत होता. दुखलं होतं का? बटण दाबायला दुखत नाही. बोटाचं काम. म्हणजे त्या आठवणीला तपासायला माझ्याकडे काहीच नव्हतं. घाटात खांबावर माझा नवरा होता, आणि मी त्याला मारलं की नाही हे मला माहीत नव्हतं.

परत पुढे आले. पडद्यावर डोंगरवाडीपुढे हिरवा दिवा. आमच्या खात्यात सगळं उलटं असतं. हिरवा म्हणजे बंद, लाल म्हणजे चालू. हिरवा होता. पण तो मी बघतेय की बघायचा ठरवलाय? मी बाहेर यार्डात गेले, उन्हात, तापलेल्या खडीवरून. ब्रेकरच्या पेटीवर लोखंडी पाटी असते, आतली यंत्रणा फिरली की फिरते. तिच्यावर 'बंद' लिहिलेलं होतं. मी त्या पेटीला पंजा टेकवला. चटका बसला. पंजा तसाच ठेवला, कातडी लाल होईपर्यंत. मग पेटीला कुलूप घातलं, कानामागे नख घालून टिकली उपटली आणि खडीत टाकली.

नंतर मिरजेला डॉक्टरांनी दोन दिवस माझे सगळे आलेख तपासले आणि सांगितलं ते असं. केलेल्या गोष्टीचा नकाशा आणि करायच्या गोष्टीचा नकाशा जवळपास एकच असतो. फरक सांगतं ते शरीर. हाताला लागलेलं वजन, ताण, स्पर्श, याची पोच मेंदूला परत येते आणि मेंदू शिक्का मारतो, 'झालं'. माझ्या शरीराकडून येणारी प्रत्येक पोच दुखण्यात भिजलेली. टिकली दुखणं गाळायची आणि त्याबरोबर पोचही गाळून टाकायची. मग मनात आलेलं आणि हातून झालेलं तिला सारखंच. तिने दोन्ही सारख्याच प्रेमाने जपून ठेवलं. आईला केलेला तो फोन मी करायचा ठरवला होता. दळणाचं सांगायचं ठरवलं होतं.

डॉक्टरांनी बाकीच्या एकशे एकोणचाळीस जणींना कळवलं. त्यांतल्या नव्वद जणींनी टिकली काढायला नकार दिला. त्यांचं म्हणणं, आम्हाला सगळं नीट आठवतंय. हे ऐकलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, आणि अजूनही कधी ओळखीची बाई ठामपणे काही सांगायला लागली की मी तिच्या कानामागे बघते.

पण त्या दुपारी यातलं काहीच माहीत नव्हतं. मी आत आले. टिकली निघताच पाच मिनिटांत धुकं परतलं. फोन वाजला.

"ताई, पाच टक्के."

"सिस्टर, लाईन सोडता येत नाही. खांबावर माणूस आहे."

"मगाशी म्हनला व्हता एकपर्यंत..."

"बाळाला त्याच्या आईच्या उघड्या छातीशी द्या. वरनं पांघरूण घाला. तुम्हाला माहितीय. मला आत्ता यापेक्षा काही करता येत नाही."

ती "देते," म्हणाली. बाळ जगलं. पण ते मला संध्याकाळी कळलं.

मी मागच्या खोलीत जाऊन खिळ्याखाली उभी राहिले. खुर्चीत बसायची मला भीती वाटत होती. बसले आणि परत आठवलं तर? ते येऊन गेलेत असं? टिकली नव्हती, पण टिकलीने दोन वर्षं भरून ठेवलेलं डोकं तर माझंच होतं. म्हणून मी उजवा हात वर केला आणि किल्ली बोटांत धरली, न काढता. खांदा ठणकायला लागला. ठणकतोय तोवर किल्ली खिळ्यावर आहे. किल्ली खिळ्यावर आहे तोवर ते आलेले नाहीत आणि लाईन बंद आहे. एवढंच मी धरून ठेवलं.

डाव्या हाताने आईला फोन लावला. का लावला ते सांगता येणार नाही. कुणीतरी खरं बोलणारं हवं होतं.

"आई, त्या ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी फोन केला नव्हता. तू बरोबर होतीस."

"आसं कसं? केला आसशील की."

"नव्हता केला, आई. माझंच चुकलं. तुझं डोकं अगदी शाबूत आहे."

"आसू दे गं," ती मऊ आवाजात म्हणाली, समजूत काढल्यासारखी. "मला आता कुटं काय आटवतंय. तू केला आसशील. विलास बी तसंच म्हन्तो. तू उगं जिवाला लावून घीऊ नगंस."

मी तिला तीनदा सांगितलं. तीनही वेळा तिने मलाच धीर दिला. तिच्या डोक्यातली ती शंका मी घातली होती, आणि आता माझ्याच्याने ती काढवत नव्हती. फोन ठेवला आणि भिंतीला डोकं टेकून रडले. हात खाली घेतला नाही.

किती वेळ गेला ते भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, विसरले, परत बघितलं. दोन वाजून दहा. बोटं बधिर झाली, खांद्याचा नुसता निखारा झाला. मग फाटकाची कडी वाजली. गाडी थांबली. पावलं आली आणि दारात देवकाते उभे राहिले. घामाने भिजलेला खाकी शर्ट, कपाळावर हेल्मेटचा वळ. जसे आठवले होते अगदी तसेच. मला भीतीने ओरडावंसं वाटलं.

"खांबाचा आडवा क्रॉस आर्म बी गेला व्हता, म्हनून उशीर..." ते बोलता बोलता थांबले. "वृषाली? हात कशाला वर केलायस?"

"तिथंच थांबा."

ते थांबले. मी तुटक तुटक सगळं सांगितलं. येऊन गेल्याचं आठवलं ते. 'होय' दाबलं ते. भोंग्याचं. बाहेर अण्णा गळवे गाडीवरची हत्यारं उतरवत होते, त्यांचा खणखणाट तेवढा येत होता. देवकात्यांचा चेहरा पांढरा पडला. ते दाराच्या चौकटीला धरून उभे राहिले, एवढा मोठा माणूस. मग दोन पावलं पुढे आले आणि हात पसरला.

मी किल्ली खिळ्यावरून काढली. पण बोटं उघडेनात.

"तुम्ही खरंच आलाय ना?" मी विचारलं. "मला कळत नाही, अहो. मला खरंच कळत नाही."

गेली आठ वर्षं हा माणूस मला हात लावायचा तो पापडाला लावावा तसा, मोडेल म्हणून. त्या दिवशी त्यांनी माझा किल्लीचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि सगळी ताकद लावून आवळला. बोटांची हाडं एकमेकांवर चढली. कळ मनगटातून, कोपरातून, थेट मानेपर्यंत गेली. डोळ्यांतून पाणी आलं.

"दुखतंय का?" त्यांनी विचारलं.

"लई दुखतंय."

"मग आलोय मी," ते म्हणाले, आणि हात सोडला नाही. "म्हन आता."

मी मूठ उघडली. किल्लीचे दाते तळव्यात उमटले होते.

"जावा घरला," मी म्हणाले.